काळाकुट्ट, लालभडक आणि 'व्हेरी': इंग्रजीत जोर कसा द्यावा

'काळाभडक' असे कोणी म्हटले तर पहिलीतल्या मुलालाही हसू येईल. काळा तो कुट्ट, लाल तो भडक, पिवळा तो धमक आणि हिरवे ते गार, हे त्याला कोणी पाठ करायला लावलेले नसते. कानावर पडून पडून ते आपोआप बसलेले असते. गोड असेल तर मिट्ट, कडू असेल तर जहर, आंबट असेल तर ढाण, बहिरा असेल तर ठार आणि खोटे असेल तर धादांत. मराठीतल्या कितीतरी विशेषणांनी जोर देणारा आपला शब्द असा जन्माचा जोडीदार करून ठेवला आहे आणि आपण बोलताना या जोड्या कधीही चुकवत नाही. मात्र हाच मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसला, की ही सगळी जाण चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो आणि दिसेल त्या विशेषणाला एकच 'व्हेरी' लावत सुटतो.

ऐरोलीतल्या एका कार्यालयात परदेशी ग्राहकांकडे जाणारी पत्रे आणि अहवाल तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतले शेजारी आपापले अर्ज, तक्रारी आणि मुलांच्या प्रवेशाची पत्रे घेऊन माझ्याकडे येतात. दोन्ही ठिकाणी सर्वांत जास्त शाई खर्च होते ती या 'व्हेरी'वर. पुष्कळ जण त्यावर उपाय म्हणून 'व्हेरी'च्या समानार्थी शब्दांची यादी शोधतात, त्यातला 'एक्स्ट्रीमली' किंवा 'हायली' उचलतात आणि जिथे 'व्हेरी' होता तिथे तो चिकटवतात. त्यातून 'हायली टायर्ड' आणि 'डीपली हॅपी' असे प्रकार जन्माला येतात, म्हणजे पुन्हा 'काळाभडक'च. माझे सांगणे याच्या उलट आहे: 'व्हेरी'चे समानार्थी शब्द शोधू नयेत, ज्या शब्दावर जोर द्यायचा आहे त्याचा जोडीदार शोधावा. त्यासाठी आधी 'व्हेरी' कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे पक्के करून घ्यावे लागते.

एका 'खूप'चे तीन शब्द

गोंधळाचे मूळ आपल्या 'खूप'मध्ये आहे. 'खूप उंच', 'खूप हसला' आणि 'खूप माणसे' या तिन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो; विशेषण, क्रियापद आणि नाम या तिघांनाही तो चालतो. इंग्रजीत मात्र या तीन जागांवर तीन वेगळे शब्द येतात: 'व्हेरी टॉल', 'लाफ्ड अ लॉट' आणि 'मेनी पीपल'. 'व्हेरी' हा फक्त विशेषणाच्या किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधी बसतो, क्रियापदाच्या आधी कधीही नाही. म्हणून 'मला हे खूप आवडते' याचे 'आय व्हेरी लाइक इट' होत नाही. 'आय लाइक इट व्हेरी मच' किंवा 'आय रियली लाइक इट' असे लिहावे लागते. 'व्हेरी मच' वाक्याच्या शेवटी आणि 'रियली' क्रियापदाच्या आधी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

तुलनेच्या रूपांनाही 'व्हेरी' चालत नाही. 'व्हेरी बेटर' चूक. 'मच बेटर', 'अ लॉट बेटर' किंवा 'फार बेटर' बरोबर. या शेवटच्या जोडीचे मला नेहमी गंमतीचे वाटते, कारण इंग्रजी 'फार' म्हणजे 'दूर' आणि आपला 'फार' यांचे उच्चार निव्वळ योगायोगाने सारखे आहेत. 'फार बेटर' म्हणजे फार चांगले, हे मराठी माणसाला विसरणे अशक्य आहे. सर्वोच्च दर्जा सांगताना 'बाय फार द बेस्ट' असे म्हणता येते, आणि तिथे 'व्हेरी'लाही एक खास जागा आहे: 'द व्हेरी बेस्ट', 'द व्हेरी लास्ट', 'द व्हेरी फर्स्ट'. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीला 'इंडियाज व्हेरी फर्स्ट पॅसेंजर ट्रेन' म्हणणे अगदी शुद्ध आहे. इथे 'व्हेरी'चा अर्थ 'खूप' असा नाही, कारण 'खूप पहिली' असे काही नसते. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'खरा' असा होता, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'खरा' या अर्थाचा शब्द आहे आणि 'व्हेरिफाय' हे क्रियापद त्याच कुळातले आहे. 'व्हेरी फर्स्ट'मध्ये तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

'-एड'ने संपणाऱ्या शब्दांचे थोडे नाजूक आहे. 'टायर्ड', 'वरीड', 'इंटरेस्टेड' हे शब्द आता पूर्ण विशेषणे झाल्यामुळे त्यांना 'व्हेरी' चालतो, आणि म्हणूनच 'व्हेरी मच टायर्ड' असे लांबण लावण्याची गरज नसते. पण ज्या शब्दात अजून क्रिया जिवंत आहे, म्हणजे कोणीतरी काहीतरी केले असे ज्यातून जाणवते, त्याला 'व्हेरी' शोभत नाही: 'व्हेरी डॅमेज्ड' नव्हे, 'बॅडली डॅमेज्ड', 'व्हेरी इंज्युअर्ड' नव्हे, 'सीरियसली इंज्युअर्ड', 'व्हेरी इम्प्रूव्हड' नव्हे, 'मच इम्प्रूव्हड'.

गरम आणि उकळते

आता विशेषणांकडे वळू. इंग्रजी विशेषणे दोन पायऱ्यांवर उभी आहेत असे समजावे. खालच्या पायरीवर मोजता येणारी विशेषणे असतात: 'हॉट', 'कोल्ड', 'बिग', 'टायर्ड', 'डर्टी', 'अँग्री'. वरच्या पायरीवर त्याच गुणांची टोके असतात: 'बॉयलिंग', 'फ्रीझिंग', 'ह्यूज', 'एक्झॉस्टेड', 'फिल्दी', 'फ्युरियस'. ओळखण्याची सोपी खूण अशी, की आधी मनात 'थोडे' लावून पाहावे. पाणी थोडे गरम असू शकते, पण थोडे उकळते असू शकत नाही. ते उकळते तरी असते किंवा नसते. ज्याला 'थोडे' लागते त्याला 'व्हेरी', 'एक्स्ट्रीमली', 'फेअरली' लावता येतात. ज्याला 'थोडे' लागत नाही, त्याला 'ॲब्सोल्यूटली', 'कम्प्लीटली', 'अटरली' असे टोकापर्यंत नेणारे शब्द लागतात. 'व्हेरी फ्रीझिंग' हे जितके खटकते तितकेच 'ॲब्सोल्यूटली कोल्ड' हेही खटकते. 'रियली' मात्र दोन्ही पायऱ्यांवर चालतो, म्हणून बोलताना अडल्यास त्याचा आधार घ्यावा.

रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणातही अशीच विभागणी आहे: 'ॲब्सोल्यूटली'सारखे टोक गाठणारे शब्द त्यांनी 'मॅक्सिमायझर' या गटात घातले, 'व्हेरी'सारखे नुसता भाव चढवणारे शब्द 'बूस्टर' या गटात घातले आणि जोर कमी करणाऱ्या शब्दांना 'डाउनटोनर' म्हटले. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. 'थोडे'ची परीक्षा पुरेशी आहे.

व्यवहारातला सल्ला असा, की वरच्या पायरीचा शब्द हाताशी असेल तर क्रियाविशेषण पुष्कळदा गाळताच येते. 'व्हेरी टायर्ड'पेक्षा नुसते 'एक्झॉस्टेड' अधिक ठसते आणि 'व्हेरी स्मॉल'पेक्षा 'टायनी' अधिक नेमके वाटते. मात्र वरच्या पायरीवर चढताना तोल सांभाळावा. घणसोलीहून लंडनला जाणाऱ्या कार्यालयीन पत्रात 'फ्युरियस' हा शब्द गेला, तर तिकडचा माणूस आपल्याला नाराज समजत नाही, भांडायला उठलेला समजतो.

आणखी एक छोटा गट आहे, ज्यात पायऱ्याच नाहीत: 'युनिक', 'फायनल', 'डेड'. एकमेव वस्तू अधिक एकमेव होत नाही, म्हणून 'व्हेरी युनिक' असे काळजीपूर्वक लिहिणारे लिहीत नाहीत. 'ऑलमोस्ट युनिक', म्हणजे जवळजवळ एकमेव, हे मात्र चालते, कारण त्यात टोकाच्या अलीकडे थांबण्याची गोष्ट आहे.

जोडीदार शोधण्याची रीत

आता मूळ मुद्दा. आपल्या काळाकुट्ट आणि लालभडक यांचे सख्खे भाऊ इंग्रजीत आहेत, आणि ते एकेक करून पाहिले की 'व्हेरी'चा मोह आपोआप सुटतो. अंधारगुडुप याला 'पिच डार्क' म्हणतात. 'पिच' म्हणजे डांबर, तेव्हा डांबरासारखा काळा अंधार. नवेकोरे याला 'ब्रँड न्यू' म्हणतात, आणि इथल्या 'ब्रँड'चा दुकानातल्या ब्रँडशी संबंध नाही. त्याचा जुना अर्थ आग किंवा जळते लाकूड, म्हणून भट्टीतून नुकतेच बाहेर काढलेले ते 'ब्रँड न्यू'. आपल्याकडे 'कोरे' हा शब्द न धुतलेल्या कापडावरून आला आणि त्यांच्याकडे भट्टीवरून, एवढाच फरक. ठार बहिरा तो 'स्टोन डेफ', कोरडाठाक तो 'बोन ड्राय', ओलाचिंब तो 'सोकिंग वेट', वाफाळता चहा तो 'पायपिंग हॉट' आणि टक्क जागा तो 'वाइड अवेक'. गाढ झोपलेला तो 'फास्ट अस्लीप', आणि हा शब्द ऐकून आमच्या इमारतीतल्या एका आजींनी 'झोपेत कसली आली घाई?' असे विचारले होते. या 'फास्ट'चा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे. 'स्टेडफास्ट' या शब्दात तो अजून दिसतो. म्हणजे घट्ट झोप, आपली गाढ झोप.

'गरम गरम चहा' याचे 'हॉट हॉट टी' करण्याची सवय इथे पुष्कळांना आहे. मराठीत शब्द दोनदा म्हटला की जोर येतो किंवा चव येते. इंग्रजीत असे फार कमी वेळा होते, आणि त्या जागी 'पायपिंग'सारखा जोडीदारच लागतो.

या ठरीव जोड्यांपलीकडे '-ली'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणांचा मोठा संसार आहे आणि तिथे जोड्या थोड्या सैल, पण तरीही ठरलेल्या आहेत. 'डीपली' हा मनाच्या आत जाणाऱ्या भावनांसोबत येतो: 'डीपली ग्रेटफुल', 'डीपली मूव्हड', 'डीपली रिग्रेट'. मराठीतही कृतज्ञता आणि दुःख ही खोल असतात, म्हणून हे आपल्याला चटकन समजते. मात्र आनंद इंग्रजीत सहसा 'डीपली' नसतो, तो 'डिलाइटेड' या वरच्या पायरीच्या शब्दाने आणि लागलाच तर 'ॲब्सोल्यूटली'ने सांगतात. 'हायली' हा पात्रता, शक्यता आणि शिफारस यांचा सोबती: 'हायली क्वालिफाइड', 'हायली अनलाइकली', 'हायली रेकमेंडेड'. 'स्ट्राँगली' मताशी आणि भूमिकेशी जुळतो: 'स्ट्राँगली सपोर्ट', 'स्ट्राँगली ऑब्जेक्ट', 'स्ट्राँगली ॲडव्हाइज'. 'बिटरली' थंडीला लागतो आणि निराशेलाही लागतो, 'बिटरली कोल्ड' आणि 'बिटरली डिसअपॉइंटेड'. आपली थंडी बोचरी, त्यांची कडू. 'बॅडली' म्हणजे वाईट रीतीने, एवढेच शिकलेल्या माणसाला 'बॅडली नीड' ऐकून धक्का बसतो, पण त्याचा अर्थ 'अत्यंत गरज असणे' असा आहे. 'हेवीली' पावसाला लागतो, अवलंबून असण्याला लागतो आणि शस्त्रांनाही लागतो: 'रेन्ड हेवीली', 'हेवीली डिपेंडंट', 'हेवीली आर्म्ड'. 'पेनफुली स्लो' हा शब्द घोडबंदर रस्त्यावरच्या संध्याकाळच्या वाहतुकीसाठीच घडवला असावा, अशी माझी खात्री आहे.

'अटरली'विषयी वेगळे सांगायला हवे, कारण तो भारतीय कानाला फसवतो. 'अटर' म्हणजे मुळात 'बाहेरचा', पार कडेचा, म्हणून 'अटरली' म्हणजे अगदी कडेपर्यंत. आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा वाईट बाजूच्या शब्दांसोबत आढळतो: 'अटरली रिडिक्युलस', 'अटरली होपलेस', 'अटरली मिझरेबल'. पण आपण लहानपणापासून अमूलच्या लोण्याच्या जाहिरातीत 'अटरली बटरली डिलिशस' वाचत आलो. ही जाहिरात १९६० च्या दशकापासून चालत आली असल्यामुळे तीन पिढ्यांच्या मनात 'अटरली' हा लोण्यासारखा गोड शब्द होऊन बसला आहे. तिथे तो 'बटर'शी यमक जुळवायला आला होता. म्हणून एखाद्या सहकाऱ्याचे कौतुक करताना 'युवर वर्क इज अटरली गुड' असे लिहू नये. ते आपल्या 'धादांत खरे'सारखे ऐकू येते.

अशा जोड्या शोधायच्या कशा, हे बहुतेक जण विचारतात. पहिली सवय अशी, की कोशात क्रियाविशेषण उघडू नये, विशेषण किंवा क्रियापद उघडावे. 'व्हेरी' पाहून काही मिळत नाही. 'डिसअपॉइंटेड' पाहिले, तर विद्यार्थ्यांसाठी केलेल्या चांगल्या इंग्रजी कोशात उदाहरणाच्या वाक्यातच 'बिटरली' किंवा 'डीपली' सापडतो. शब्दसंगतीचे स्वतंत्र कोश तर नेमक्या याच कामासाठी असतात आणि त्यांतही शोध विशेषणावरूनच घ्यावा लागतो. दुसरी सवय, शंका आली की प्रत्यक्ष वापर पाहणे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या नावाचा सुमारे १० कोटी शब्दांचा इंग्रजी मजकुराचा संग्रह इंटरनेटवर शोधता येतो. आपली जोडी तिथे टाकली आणि पंचवीस-तीस वाक्ये समोर आली तर निर्धास्त लिहावे, एकही आले नाही तर आपण 'काळाभडक' लिहिले असे समजावे. तिसरी सवय वहीची. मी ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत उभे राहायला जागा मिळाली, की दिवसभरात वाचलेल्या मजकुरातली एक जोडी फोनवर टिपून ठेवते, आणि तिच्या शेजारी मराठी जोडी लिहिते. 'सोअरली मिस्ड' याच्यापुढे 'उणीव तीव्रतेने भासणे', 'फुली अवेअर' याच्यापुढे 'पुरती कल्पना असणे', 'ब्लिसफुली अनअवेअर' याच्यापुढे 'आपल्याच नादात'. दिवसाला एक जोडी पुरते. यादी डाउनलोड करून ठेवलेल्या एकाही माणसाने ती पुन्हा उघडल्याचे मी पाहिलेले नाही.

भयंकर सुंदर

काही शब्दांचा मूळ अर्थ वापरून वापरून झिजून जातो. आपण 'भयंकर सुंदर' म्हणतो तेव्हा त्यात भय नसते, आणि 'एकदम' म्हणताना फारसीतला मूळचा 'एक श्वास' कोणाच्या मनात नसतो. खुद्द 'खूप' हाही फारसी 'खूब'चा, म्हणजे 'चांगला' या शब्दाचा, वंशज. इंग्रजीत 'टेरिबली' आणि 'ऑफुली' यांचे तेच झाले: एकात दहशत होती, दुसऱ्यात दरारा, आणि आज 'आय ॲम टेरिबली सॉरी' हे केवळ सभ्य माणसाचे दिलगिरीचे वाक्य आहे. 'प्रिटी' म्हणजे गोजिरा, पण 'प्रिटी गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगले. हे शब्द बोलण्यात खुशाल वापरावेत. अर्जात किंवा अहवालात 'प्रिटी' आणि 'ऑफुली' घरगुती कपड्यांत सभेला गेल्यासारखे दिसतात. 'लिटरली'ही आता जोर देण्यासाठी सर्रास येतो आणि कोशांनी तो वापर नोंदवलाही आहे, पण 'आय लिटरली डाइड' असे लिहिलेल्या पत्रावर सही कोणी केली, हा प्रश्न पडू द्यायचा नसेल तर लेखी मजकुरात तो टाळावा.

चार ठिकाणी पाय घसरतो

पहिला निसरडा दगड 'क्वाइट' हा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षी एका ब्रिटिश सहकाऱ्याच्या सादरीकरणानंतर मी त्याला 'इट वॉज क्वाइट गुड' असे कौतुकाने लिहून पाठवले आणि त्याचे अतिशय नम्र उत्तर आले, की नेमके काय कमी पडले ते कळवल्यास तो सुधारणा करील. ब्रिटिश इंग्रजीत मोजता येणाऱ्या विशेषणाआधी 'क्वाइट' आला की त्याचा अर्थ 'बरा आहे, ठीक आहे' असा होतो. मी त्याला 'बरं झालं म्हणायचं' अशा थाटाचे प्रशस्तिपत्र दिले होते. गंमत अशी, की टोकाच्या विशेषणाआधी हाच 'क्वाइट' पूर्णत्व दाखवतो: 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे सर्वस्वी अशक्य. अमेरिकेत 'क्वाइट गुड' बरेच वजनदार कौतुक ठरते. म्हणून वाचणारा कुठला आहे हे ठाऊक नसेल तर कौतुकाच्या वाक्यात 'क्वाइट' घालूच नये. त्याचा भाऊबंद 'रादर' नावडत्या गोष्टींकडे झुकतो आणि 'फेअरली' आवडत्या गोष्टींकडे. खोली 'फेअरली वॉर्म' असेल तर ती सुखाची, 'रादर वॉर्म' असेल तर पंखा लावावा लागेल.

दुसरा 'टू'. मुंबई-ठाण्याकडे 'टू गुड' हे कौतुक आहे, पण इंग्रजी 'टू'मध्ये 'जरा जास्तच, म्हणून अडचणीचे' असा भाव असतो. चहा 'व्हेरी हॉट' असेल तर फुंकर मारून पिता येतो, 'टू हॉट' असेल तर तो अजून तोंडाला लावता येत नाही. 'आय ॲम टू हॅपी' याऐवजी 'आय ॲम सो हॅपी' म्हणावे, आणि औपचारिक लेखनात 'सो' आला की त्यामागे 'दॅट'ने सुरू होणारा परिणामही सांगावा. याला 'आय वुड बी ओन्ली टू हॅपी टू हेल्प' असे एखाद-दुसरे ठरीव वाक्य अपवाद आहे.

तिसरी गोष्ट जागेची. 'आय रियली डोन्ट ॲग्री' म्हणजे मला अजिबात पटत नाही. 'आय डोन्ट रियली ॲग्री' म्हणजे मला तितकेसे पटत नाही. एक शब्द नकाराच्या अलीकडचा पलीकडे गेला आणि भांडणाचे मतभेदात रूपांतर झाले. मराठीत हे काम 'फार' आणि 'फारसे' यांच्यातला 'से' करतो. 'फार चांगले' आणि 'फारसे चांगले नाही' यांत जे अंतर आहे, तेच 'व्हेरी गुड' आणि 'नॉट व्हेरी गुड' यांत आहे; 'नॉट व्हेरी गुड' हा वाईट म्हणण्याचा सभ्य मार्ग आहे.

चौथा घसरडा दगड आपल्या लाडक्या 'च'चा. 'मी ठाण्यातच राहतो' याचे 'आय लिव्ह इन ठाणे ओन्ली' होते आणि ऐकणारा विचारात पडतो, की हा आणखी कुठे राहणार होता. 'ओन्ली' मर्यादा घालतो, जोर देत नाही. 'च'चा जोर इंग्रजीत वेगवेगळ्या मार्गांनी येतो: 'त्याच दिवशी' याला 'दॅट व्हेरी डे', 'मी सांगितलेच होते' याला 'आय डिड टेल यू', 'मला कळतेच' याला 'आय डू अंडरस्टँड'. क्रियापदाआधी 'डू' किंवा 'डिड' ठेवणे हा इंग्रजीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जोर आहे.

पाण्याचे पत्र

हे सगळे एकत्र कसे वापरायचे, ते एका पत्रावरून दाखवते. आमची इमारत तीन मजली आहे, लिफ्ट नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद पडला. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेचे मुख्य कार्यालय परराज्यात असल्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी तक्रार इंग्रजीत लिहिली आणि रविवारी माझ्यापुढे ठेवली. तिचा मुख्य भाग असा होता: 'वुई आर फेसिंग व्हेरी व्हेरी बिग प्रॉब्लेम ऑफ वॉटर. द पंप इज व्हेरी मच नॉट वर्किंग. द सीनियर सिटिझन्स ऑफ अपर फ्लोअर्स आर व्हेरी मच टायर्ड. द टँकर वॉटर इज व्हेरी डर्टी. वुई आर व्हेरी अँग्री. काइंडली डू व्हेरी अर्जंटली, टुडे ओन्ली.' सहा वाक्ये आणि सात 'व्हेरी'.

पहिल्या वाक्यातल्या दोन 'व्हेरीं'ना मी जोडीदार शोधलाच नाही. काकांना विचारले, की पाणी नेमके किती वेळ येते आणि किती दिवसांपासून. नऊ दिवस, रोज वीस मिनिटे. तेव्हा वाक्य झाले: 'फॉर द पास्ट नाइन डेज, द अपर फ्लोअर्स हॅव्ह हॅड वॉटर फॉर ओन्ली ट्वेंटी मिनिट्स अ डे.' इथे आकड्याने जे वजन आले ते कोणत्याही क्रियाविशेषणाने आले नसते, आणि 'ओन्ली' आपल्या खऱ्या कामाला, म्हणजे मर्यादा दाखवायला, लागला. दुसऱ्या वाक्यात नकार होता. नकाराला 'व्हेरी मच' जोर देत नाही, 'ॲट ऑल' देतो, म्हणून 'द पंप हॅज नॉट वर्क्ड ॲट ऑल सिन्स थर्सडे'. तिसऱ्यात वरची पायरी वापरली आणि कारण जोडले: 'सीनियर सिटिझन्स आर एक्झॉस्टेड फ्रॉम कॅरिंग बकेट्स अप द स्टेअर्स'. चौथ्यासाठी आधी 'फिल्दी' हा शब्द मनात आला, पण तो शिवीच्या जवळ जातो. त्यापेक्षा 'टू'चा शुद्ध उपयोग करता येत होता: 'द टँकर वॉटर इज टू डर्टी टू ड्रिंक, ईव्हन आफ्टर बॉयलिंग'.

पाचव्या वाक्यावर आमची चर्चा झाली. काकांना राग सोडायचा नव्हता, आणि तो रास्तही होता. 'बिटरली डिसअपॉइंटेड' त्यांना रडका वाटला, 'फ्युरियस' मला भडक वाटला. पत्रात भावनेपेक्षा भूमिका मांडावी, असे ठरून 'वुई स्ट्राँगली ऑब्जेक्ट टू द डिले' हे वाक्य आले. शेवटच्या वाक्यात 'काइंडली'चे आर्जव आणि 'टुडे ओन्ली'तला आपला 'आजच' एकमेकांना मारक होते. 'असेन्शियल' हा पायऱ्या नसलेला शब्द असल्यामुळे त्याचा सोबती 'ॲब्सोल्यूटली', म्हणून 'इट इज ॲब्सोल्यूटली असेन्शियल दॅट द पंप बी रिपेअर्ड टुडे'.

काकांनी नवे पत्र दोनदा वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "छान झालंय गं, पण एक तरी 'व्हेरी' राहू दे. नाहीतर हे मी लिहिलंय यावर कमिटीत कोणी विश्वास ठेवणार नाही." सहीच्या वर मूळ पत्रात आभाराची ओळ नव्हतीच. तिथे 'थँक यू व्हेरी मच' असे लिहून मी कागद त्यांच्याकडे सरकवला, आणि त्याखाली त्यांनी मराठीत सही केली.